बीपी सोडून काही नाही

सामरवरणी, सिल्वासा
९ नोव्हेंबर २०२५

ती. दुर्गाताईंना वासंतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून माझं अक्षर सुधारलं, असं तुमचे भाऊ म्हणतात. म्हणतात हो, खरंच. परवाच म्हणाले.

बुधवारी मुंबईला यांचं सहावं सलाईन झालं. गौरी ठाण्याहून थेट दवाखान्यात आली होती. औषधाची किंमत ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही. विचारलं तर मला ते थेंब बघवणार नाहीत. डॉक्टर अभिजीत दळवी वयाने लहान, पण समजावतात छान. म्हणाले, "काकू, या आजारात मेंदूत एक प्रकारचा मळ साचतो. औषध त्या मळावर जाऊन बसतं, खूण केल्यासारखं. मग शरीरातलेच झाडूवाले येतात आणि तो उचलून नेतात."

मी विचारलं, "झाडूवाले आधीपासून होते?"

"होतेच."

"मग इतके दिवस काय करत होते?"

ते हसले. "त्यांना जागा कुणी दाखवली नव्हती."

ताई, तेव्हापासून माझं मन तिथेच अडकलंय. चौसष्ट वर्षं या देहात राहते, त्याला आंघोळ घालते, उपास घडवते, आणि आत कोण कोण राबतंय याचा पत्ता नाही.

आता मुख्य गोष्ट. आठ महिने हे मला "अहो बाई" म्हणत होते, तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हा ऐकलंच. शुक्रवारी तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावत होते. मागून आवाज आला, "वासंती, वात केवढी मोठी! तू आणि तेल जाळतेस?" मी वळून बघितलं. हे दारात उभे, मिश्कील हसत होते, लग्नानंतर वर्षभर हसायचे तसे. सातेरीदेवीच्या फोटोपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचलूच शकले नाही.

रोजच्या हिशेबाच्या वहीत, दुधाच्या नोंदीखाली, मी यांच्या दोन ओळी लिहिते. काय विसरले, काय आठवलं, ताप, झोप. डॉक्टरांनीच सांगितलंय. त्या दिवशी दोन ओळींची आठ झाली.

इथे मात्र कुणाला काही कळू दिलेलं नाही. सर महिन्याला ठाण्याला लेकीकडे जातात, एवढंच. अर्धं सिल्वासा यांच्या हाताखालून पाढे म्हणत गेलंय. त्यांच्यापुढे यांचं हे असं नको.

तुमची,
वासंती


वेंगुर्ला
२० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा शेजारच्या मंजुळाबाईला वाचून दाखवलं, ती रडली. मी नाही. आमच्या अरूला तुझा चिक्कूपणा आठवला म्हणजे औषध खरंच गुणाचं आहे, कारण ती गोष्ट विसरण्यासारखी नव्हतीच.

आता माझं ऐक. मंजुळाबाईच्या नवऱ्याला नागीण झाली आहे. कमरेपासून पोटापर्यंत. फोड सुकून दोन महिने झाले, पण सदरा अंगाला लागला तरी माणूस ओरडतो. त्याचं वय अडुसष्ट, अरूचं एकाहत्तर. नागिणीची लस निघाली आहे, ती अरूला टोचून घे. इतक्या कष्टाने डोकं ताळ्यावर आणलंस, आणि वेदनेने परत बिघडलं तर?

मुंबईच्या डॉक्टरला विचारत बसू नकोस. ते मेंदूवाले. एक सोडून दुसरं विचारलं की चार तपासण्या लिहून देतात. एकतीस वर्षं मी डोंगर चढून लसी टोचल्या आहेत. लस म्हणजे लस. दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल, पेज दे आणि झोपव.

आणि लपवाछपवी कशाला करतेस? आजार आहे, चोरी नाही. पण तू ऐकायची नाहीस. सरांची बायको ना तू.

अरूला माझं पत्र मोठ्याने वाचून दाखव. चिक्कूपणाचं वाक्य गाळू नकोस.

तुझी,
दुर्गाताई


सामरवरणी
८ डिसेंबर २०२५

ती. दुर्गाताईंना सा. न.

तुमचा शब्द देवीने ऐकला असावा. लस कुठे मिळेल याची चौकशी करायच्या आतच निरोप आला. रांधा गावी ज्या शाळेत यांनी शेवटची अकरा वर्षं शिकवलं, तिथे एका कारखान्याच्या ट्रस्टने साठीपुढच्या लोकांसाठी शिबिर ठेवलं होतं. निवृत्त शिक्षकांना आधी मान. लस नागिणीचीच.

काल सकाळी गेलो. रांग बाहेर चिंचेपर्यंत, यांना मात्र पुढे खुर्ची. टोचायला होती रोहिणी, यांची विद्यार्थिनी, आता सरकारी नर्स. तिने हातातलं सगळं ठेवलं आणि आधी पाया पडली. "सर, तुमच्या छडीमुळे मला नोकरी लागली." हे म्हणाले, "मग छडीला पेन्शन द्या." सगळी रांग हसली. गुजराती, वारली, खानदेशातून कारखान्यात आलेले, सगळे "सर, सर" करत होते. मला वाटलं, हा माणूस पुरता परत आला. बुधवारी सातवं सलाईन झालं, त्याआधीचा मेंदूचा फोटोही स्वच्छ होता.

एक फॉर्म होता. यांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मीच भरला.

रात्री अंग थोडं कोमट होतं. आज दंड दुखतोय म्हणतात. तुम्ही म्हणालात तसंच. पेज केली आहे, वरून तुपाचा थेंब. दुसरी मात्रा ८ फेब्रुवारीला, त्याच शाळेत.

गौरीला अजून सांगितलेलं नाही. ती उगाच प्रश्न विचारते.

तुमची,
वासंती


वेंगुर्ला
२८ डिसेंबर २०२५

वासंती,

वीस दिवस तुझं पत्र नाही. काल मंजुळाबाईच्या मुलाच्या मोबाईलवर गौरीचा निरोप आला: "बाबा दवाखान्यात आहेत, आता बरे आहेत, आत्याला काळजी करू नको म्हणावं." हे वाक्य मी नोकरीत शेकडो घरांना सांगितलं आहे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

काय झालं ते लिही. गौरीच्या शब्दांत नको. तुझ्या वहीतलं लिही.

दुर्गाताई


ठाणे
४ जानेवारी २०२६

ती. दुर्गाताईंना सा. न.

वहीतलंच लिहिते.

८ तारखेला ताप, ९ला उतरला. १०ला सकाळी यांनी चप्पल हातात घातली, मोज्यासारखी, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, ताप होता म्हणून असेल. ११ला डोकं दुखतंय म्हणाले. १२ला मला "अहो बाई" म्हणाले. १३ला, शनिवारी, अंगणात तुळशीला पाणी घालताना कळशी पडली. मी धावले तोवर हे खाली होते, डावा हात आणि तोंड झटके देत होतं.

वापीला नेलं, तिथून मुंबई. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर अभिजीतनी मला आणि गौरीला पडद्यावर दाखवला. ताई, माणसाच्या डोक्याच्या आतली जागा मी अशी पहिल्यांदाच बघितली. अक्रोडासारख्या वळ्या, त्यांच्यात एका बाजूला पांढरं पसरलेलं, पहाटे दुधनीच्या पाण्यावर धुकं उतरतं तसं. आणि धुक्यात काळे ठिपके. धुकं म्हणजे सूज, ठिपके म्हणजे रक्त. मला भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी हात जोडले गेले. एवढ्याशा जागेत आमची चाळीस वर्षं होती, सगळे पाढे, गौरीचा जन्म, मी.

मोठ्या ताकदीचं औषध शिरेतून दिलं. सूज उतरते आहे. परवा गौरीच्या घरी सोडलं. उठतात, जेवतात, शब्द शोधतात. गौरीला ओळखतात, मला कधी कधी.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "या महिन्यात काही नवीन? गोळी, इंजेक्शन, लस?" गौरी शेजारी उभी होती. मी म्हटलं, "काही नाही."

का म्हटलं? कारण शिबिराच्या फॉर्मवर मीच लिहून आले होते. आजाराच्या ओळीत लिहिलं, बीपी सोडून काही नाही. चालू औषधं, बीपीची गोळी. रोहिणी पुढे उभी, मागे सगळी रांग वाकून बघतेय. तिथे मी कसं लिहू, सरांना विसरण्याचा आजार आहे म्हणून? मग इथे लस सांगितली असती तर तो फॉर्मही निघाला असता. एका खोट्याला दुसरं जोडलं.

डॉक्टरही बुचकळ्यात आहेत. हे औषध कधी कधी अशी सूज आणतं, पण सहा वेळा काही झालं नाही, आदला फोटो स्वच्छ, मग एकदम एवढं कसं? २१ तारखेला पुन्हा फोटो आहे. त्यावर ठरणार की सलाईन पुन्हा चालू करायचं की कायमचं बंद. बंद केलं तर दिव्यापाशी हसलेले हे मला परत दिसायचे नाहीत. चालू केलं, आणि तिकडे रोहिणीने ८ फेब्रुवारीला दुसरी मात्रा दिली, तर? रोज जप करते आणि मध्येच माळ थांबते.

लसीनेच झालं का, ताई? तुम्ही एवढ्या टोचल्यात.

वासंती


वेंगुर्ला
१० जानेवारी २०२६

वासंती,

लसीने झालं का ते मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होऊ शकेल त्या माणसापासून तू ते लपवलं आहेस, एवढं ठाऊक आहे.

तुला ओरडायला बसले होते. दोन कागद ओरडून झाले, फाडले. कारण "डॉक्टरला विचारत बसू नकोस" हे कुणाचं अक्षर? माझंच. असलं औषध माझ्या नोकरीत नव्हतं. त्याबद्दल मला काडीचं माहीत नव्हतं, तरी मी मोठी नर्स होऊन लिहिलं. लस वाईट नाही, गो. मंजुळाबाईच्या नवऱ्याने ती वेळेवर घेतली असती तर आज सदरा घालून बसला असता. पण अरूच्या अंगात औषधाने आधीच झाडूवाले कामाला लावलेले असताना मी न विचारता दुसरे पाठवले.

एक सांगते, जे मीही कुणाला सांगितलेलं नाही. १९८९ साली कुडाळजवळच्या एका वाडीत मी एका पोरीला डोस दिला. तिसऱ्या दिवशी तिला आकडी आली. पोर वाचली, आज तिची मुलं कॉलेजात आहेत. पण मी रजिस्टरात ते लिहिलं नाही. म्हटलं, साहेब विचारतील, लोक लस घ्यायचे थांबतील. डोसाने झालं की साध्या तापाने, मला आजतागायत माहीत नाही. माहीत व्हायची एकच वाट होती, ती मी बुजवली. अजून त्या पोरीचं नाव आठवतं. अरू सगळं विसरतो आणि मी हे एक विसरत नाही, बघ.

वही घेऊन जा. २१ची वाट बघू नकोस. माझं नाव सांग, नणंदेने भरीला घातलं म्हण. रोहिणीलाही सांग, दुसरी मात्रा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आणि जप कर, पण माळ खाली ठेवून आधी फोन कर.

दुर्गाताई


ठाणे
२४ जानेवारी २०२६

ती. दुर्गाताईंना सा. न.

तुमचं पत्र १५ला मिळालं, १६ला गेले. आधी गौरीला स्वयंपाकघरात सांगितलं. तिने गाडीची किल्ली घेतली. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये म्हणाली, "आई, तुला बाबांची लाज वाटत होती?" मी म्हटलं, "लाज नाही गं. शिबिरात ते खुर्चीवर बसले होते. मला त्यांना खुर्चीवरून उतरवायचं नव्हतं." ती म्हणाली, "मग त्यांना खाली कुणी पाडलं?" तोवर लिफ्ट उघडली. बरं झालं.

डॉक्टर अभिजीतपुढे वही ठेवली. ३ डिसेंबर सलाईन, ७ लस, ८ ताप, १० चप्पल, १३. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं, दुधाचे आकडेसुद्धा. मग उठून गेले आणि दोन पिकल्या केसांचे डॉक्टर घेऊन आले. तिघे माझ्या वहीवर वाकले होते. मी मॅट्रिक झालेली बाई, माझ्या अक्षरावर इतकी शिकलेली डोकी मी कधी बघितली नव्हती.

ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "काकू, औषधाने खूण केली होती आणि शरीराचे झाडूवाले कामावर होते. लस शरीराला जागं करते, ते तिचं कामच. कदाचित दोन्ही एका आठवड्यात आल्याने गर्दी झाली. कदाचित लस नसती तरी झालं असतं. अशा नोंदी जगात अजून फार थोड्या आहेत. एका माणसावरून सांगता येत नाही, आणि इतरांनी लस टाळावी असं तर मुळीच नाही. पण कधी घ्यायची, ते आम्हाला विचारून."

मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

ताई, जो माणूस जिवंत डोक्याच्या आतलं धुकं बघतो, तो मला माहीत नाही म्हणाला, आणि अगदी सहज म्हणाला. मी उभीच राहिले. एवढे दिवस मला वाटायचं, देव आणि डॉक्टर यांना सगळं ठाऊक असतं आणि आपण फक्त विचारायचं. त्या खोलीत वाटलं की जे ठाऊक नाही ते समुद्रासारखं आहे, आणि हे लोक त्याच्या काठावर बसून एकेक ओळ लिहून घेतायत. माझ्या पानांच्या प्रती काढल्या. लसीनंतरच्या त्रासाचा सरकारी फॉर्म भरला, तो वर जाणार. यांचं नाव कुठेच येणार नाही, फक्त वय आणि तारखा. "वही सांभाळून ठेवा," म्हणाले, जणू पोथी आहे.

२१चा फोटो झाला. धुकं जवळजवळ गेलं. ठिपके राहतील. सलाईन आता पुन्हा नाही. जे स्वच्छ झालंय ते किती दिवस टिकेल, हेही माहीत नाही.

मी रडले नाही. यांनी विचारलं, "कुणाचं काय झालं?" मी म्हटलं, "तुमचं औषध संपलं." म्हणाले, "पास झालो का?"

वासंती


सामरवरणी
१० फेब्रुवारी २०२६

ती. दुर्गाताईंना सा. न.

घरी आलो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिणीकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "काकू, खोटं बोलले म्हणून सरांनी मला सातवीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. तुम्ही तर माझ्याच समोर लिहिलंत." मी खाली बघत होते. मग तीच म्हणाली, "मीही कुठे विचारलं? सरांना काय विचारायचं, असंच वाटलं. पाया पडले आणि सुई घेतली." तिनेही तिच्या वरिष्ठांना कळवलं. आणि म्हणाली, रविवारी या. रांगेत फॉर्म भरणाऱ्यांना तुम्ही सांगा, काय काय लिहायचं असतं ते.

मी नाही म्हणणार होते. तुमची ती कुडाळची पोरगी आठवली आणि हो म्हटलं. यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून बरोबर नेलं.

परवाचं सांगते. रांग मागच्यापेक्षा मोठी. यांना परत खुर्ची, परत "सर, सर". रोहिणीने मला पुढे बोलावलं, मी पदर सारखा करत उभी राहिले. इतक्यात हे उठले. वर्गात उठायचे तसे, एक हात टेबलावर.

म्हणाले, "मला एक आजार आहे." आणि थांबले. शब्द सापडेना. मी बघत होते, यांचे डोळे इकडून तिकडे फिरत होते. मग माझ्याकडे वळून, घरात विचारतात तशा आवाजात विचारलं, "वासंती, मला काय झालंय?"

ताई, पन्नास-साठ माणसं. ज्यांच्यापासून मी दीड वर्ष लपवलं ती सगळी. आणि यांनी माझं नाव घेतलं होतं.

मी म्हटलं, "तुम्हाला विसरण्याचा आजार आहे." मोठ्याने म्हटलं, शेवटच्याला ऐकू जाईल असं.

"हां. तो," हे म्हणाले. "तो आहे मला. आणि तो मी कागदावर लिहिला नाही." मी लिहिला नाही, ताई, असं म्हणाले. यांना तसंच आठवत होतं, का मुद्दाम मला पाठीशी घातलं, ते देवी जाणे. "म्हणून मी आजारी पडलो असेन किंवा नसेन, ते शिकलेले लोक शोधतायत. तुम्ही लस घ्या. पण जे आहे ते लिहा. समोर कोण उभं आहे ते बघू नका."

आणि बसले. कुणी हसलं नाही, कुणी च्चच्च केलं नाही. मला केवढी भीती होती, लोकांच्या चेहऱ्यावरचा यांच्याबद्दलचा मान उतरेल म्हणून. तो जसाच्या तसा होता, उलट मला मान वर करून बघावं लागलं.

मग रांगेतून नवनाथ म्हणून एक जण पुढे आला. नंदुरबारकडचा, धाग्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मिशीवाला धिप्पाड माणूस. टेबलाशी वाकून रोहिणीला हळूच म्हणाला, "ताई, माझा फॉर्म जरा परत द्या ना. एक ओळ राहिली." त्याच्या मागची म्हातारी म्हणाली, "माझापण." मग आणखी एक. रोहिणीने गठ्ठा टेबलावर उलटा केला आणि ज्याचे त्याने आपापले कागद शोधायला सुरुवात केली. शाळेच्या भिंतीला, एकमेकांच्या पाठीला कागद लावून माणसं लिहीत होती, हाताने झाकून. पेनं कमी पडली. रोहिणीने वर्गाचं कपाट उघडून मुलांच्या पेन्सिली काढून वाटल्या.

तुमची,
वासंती